रंग कोणी ठरवायचा? : रॉ छायाचित्रण व मुद्रणातील रंगव्यवस्थापनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जुन्या हस्तलिखित पोथीत लेखनिकाच्या हातून चूक झाली, की त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप दिला जात असे. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार याच व्यवहारातून रूढ झाला. अध्यायाची समाप्ती, वक्त्याचे नाव किंवा दंड अनेक पोथ्यांत हिंगुळाच्या अथवा गेरूच्या तांबड्या रंगात आढळतात. अशा पोथीतील रंग केवळ शोभेचा नसतो, तो पाठाचाच एक भाग असतो. तिचे छायाचित्र घेतले आणि त्यात जुन्या कागदाचा पिवळेपणा व हरताळाचा पिवळेपणा एकसारखा दिसू लागला, तर ती प्रत अक्षरांपुरती विश्वसनीय, परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीने अपुरी ठरते.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले आणि हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती करण्याच्या कामाला चालना मिळाली. त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे महाविद्यालये व ग्रंथालये यांच्या आवाक्यात येऊ लागले. हा कॅमेरा प्रथमच हाताळणाऱ्या अभ्यासकाला एक अनुभव हमखास येतो. कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर एक रंग दिसतो, संगणकावर दुसरा आणि कागदावर तिसराच. दोष मुद्रकाच्या अथवा शाईच्या माथी मारला जातो. परंतु या विसंगतीचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसते. छायाचित्रातील रंग नेमका कोठे असतो आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न रंगीत छायाचित्रणाइतकाच जुना आहे. वेगवेगळ्या काळात हा अधिकार वेगवेगळ्या हातांत गेला. कधी तो शिळाछापाच्या कारागिराकडे होता, कधी फिल्मच्या कारखान्याकडे. ‘रॉ’ स्वरूपातील छायाचित्रणाने तो छायाचित्रकाराच्या हाती आणून दिला. या स्थित्यंतराचा मागोवा घेणे आणि नवशिक्याला पाळाव्या लागणाऱ्या रंगव्यवस्थापनाच्या प्रत्येक पायरीमागील ऐतिहासिक कारण स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. तीन रंगहीन नोंदी

रंगीत छायाचित्रणाचा आरंभ रंगहीन चित्रांपासून झाला. मानवी डोळ्यात तीन प्रकारच्या संवेदना असाव्यात, ही कल्पना थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली होती. तिच्या आधारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक प्रयोग दाखविला. थॉमस सटन यांनी चौकडीच्या विणीच्या एका रंगीत फितीची छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या द्रावणांतून स्वतंत्रपणे घेतली होती. प्रत्येक काचपट्टीवर केवळ उजेड व अंधार यांची नोंद होती. त्या पट्ट्या त्याच रंगांच्या प्रकाशातून पडद्यावर एकावर एक टाकल्या, तेव्हा फीत रंगीत दिसली.

या प्रयोगाला जोडून शंभर वर्षांनी एक उत्तरार्ध आला. १८६१ मधील कलोडियनच्या काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता. मग तांबड्या रंगाची नोंद झाली कशी? फितीतील तांबडा रंग अतिनील किरणही परावर्तित करीत होता आणि तांबडे द्रावण त्या किरणांना वाट देत होते, असे १९६१ मध्ये राल्फ इव्हान्स यांनी दाखवून दिले. मॅक्सवेल यांचे तत्त्व बरोबर होते, पण पट्टीवर नोंदले गेले ते डोळ्याला न दिसणारे काहीतरी होते. उपकरणाची संवेदना आणि डोळ्याची संवेदना एकच नसते, हा धडा रंगीत छायाचित्रणाच्या पहिल्याच प्रयोगात दडलेला होता.

रशियातील सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी याच तत्त्वावर १९०९ ते १९१५ या काळात झारच्या साम्राज्याचे चित्रण केले. तीन फिल्टरांतून घेतलेल्या तीन नोंदी एका लांबट काचेवर एकाखाली एक उमटत. हा संग्रह अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतला. त्यातील १,९०२ काचपट्ट्यांचे अंकीकरण २००० मध्ये झाले. २००१ मधील प्रदर्शनासाठी निवडक चित्रे संगणकावर हाताने जुळवून रंगीत करण्यात आली आणि २००४ मध्ये संपूर्ण संग्रहाची जुळणी वेगळ्या, स्वयंचलित पद्धतीने झाली. मूळ काच एकच, परंतु तिच्यातून निघालेल्या रंगांची रूपे दोन. नोंद आणि रंग यांमधील हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय रॉ फाइलचे स्वरूप कळत नाही.

२. शिळा, ठसा आणि कारागिराचा डोळा

पडद्यावर प्रकाश मिसळून रंग दाखविता येतो, पण कागदावर हा मार्ग चालत नाही. शाई प्रकाशाची भर घालत नाही, ती त्यातील काही भाग शोषून घेते. फ्रान्समधील लुई द्यूको द्यू ओरों आणि शार्ल क्रो यांनी एकमेकांशी संबंध नसताना १८६९ मध्ये हा वजाबाकीचा मार्ग मांडला. तांबड्या, हिरव्या व निळ्या नोंदींपासून अनुक्रमे सायन, मॅजेन्टा व पिवळी शाई वापरून चित्र छापता येते, या सूत्रावर पुढील काळातील रंगीत छपाई उभी राहिली. काळ्या शाईची जोड तिला नंतर मिळाली.

महाराष्ट्रात याच्या आधीची पद्धत, म्हणजे रंगीत शिळाछाप, लोकांच्या घराघरांत पोहोचली ती रविवर्मा छापखान्यामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात हा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. मूळ तैलचित्रातील लक्ष्मीच्या साडीचा तांबडा रंग किती दगडांत विभागायचा आणि कोणत्या क्रमाने छापायचा, याचा निर्णय कारागीर डोळ्याने करीत असे. चित्रकाराचा रंग आणि घरातील तसबिरीचा रंग यांच्यामध्ये अशा रीतीने एक तिसरी व्यक्ती उभी होती. तिचे नाव चित्रावर नसे.

छायाचित्रीय ठशांनी रंग वेगळे करण्याचे काम फिल्टरकडे सोपविले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच व्यवसायात होते. बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलेल्या फाळक्यांनी तीनरंगी ठसे तयार करण्याचे तंत्र आत्मसात केले, लोणावळ्यास छापखाना काढून रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी जर्मनीचा प्रवास केला. तथापि, या तंत्रातही कारागिराचा डोळा निवृत्त झाला नाही. शाईचे रंग शुद्ध नसत. सायन शाईत थोडी मॅजेन्टाची व मॅजेन्टात थोडी पिवळ्याची छटा मिसळलेली असे. त्यामुळे ठशाचे काही भाग तेजाबाने हलके करून रंग सुधारावा लागे. प्रूफ काढायचे, मूळ चित्राशेजारी धरायचे आणि पुन्हा ठसा सुधारायचा, असा हा क्रम होता. रंगव्यवस्थापन तेव्हाही होते, पण ते अनुभवी माणसाच्या नजरेत साठविलेले होते. तो माणूस गेला, की ते ज्ञानही जात असे.

३. फिल्म : कारखान्यात ठरलेला रंग

१९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म बाजारात आली आणि रंगाचा निर्णय कारागिराच्या हातून कारखान्याच्या प्रयोगशाळेकडे गेला. तिची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती, की ग्राहकाने फिल्म कंपनीकडे परत पाठवावी आणि तयार चित्रे घ्यावीत, अशी व्यवस्था होती. अमेरिकेत प्रक्रियेची किंमत फिल्मच्या किमतीतच धरलेली असे. मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे ही सक्ती १९५४ मध्ये संपली. छायाचित्रकार फिल्मची निवड करू शकत होता, परंतु ती फिल्म आकाशाचा निळा कसा दाखवील, हे रसायनशास्त्रज्ञाने आधीच ठरविलेले असे.

या निर्णयांची सामाजिक बाजू पुढे संशोधनाचा विषय झाली. छपाई प्रयोगशाळांत रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुनाचित्र पुरवीत असे. त्यात गोऱ्या वर्णाची स्त्री असे आणि असे कार्ड ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची त्वचा योग्य दिसली, की यंत्र बरोबर लागले असे समजले जाई. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या प्रमाणाची चिकित्सा केली. सावळ्या व काळ्या वर्णाच्या चेहऱ्यांचे तपशील फिल्मवर हरवत, यामागे केवळ भौतिकशास्त्र नव्हते. कोणाची त्वचा प्रमाण मानायची, हा निवडीचा भागही त्यात होता, असे त्यांनी दाखविले. रॉथ यांच्या नोंदीप्रमाणे, गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात यासाठी कंपनीवर जो दबाव आला, त्यात लाकडी सामान व चॉकलेट यांच्या जाहिरातदारांचाही वाटा होता. पुढे विविध वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे तयार झाली.

१९७६ मध्ये मॅकबेथ कंपनीने चोवीस रंगचौकटींचे ‘कलरचेकर’ हे कार्ड प्रसृत केले. त्यातील पहिल्या दोन चौकटी गडद त्वचा व उजळ त्वचा यांच्या आहेत, ही बाब या पार्श्वभूमीवर उल्लेखनीय ठरते. येथे प्रमाण म्हणून एकाच वर्णाच्या चेहऱ्याची निवड झाली नव्हती. दोन्ही त्वचा मोजलेल्या रंगांच्या रूपाने शेजारी शेजारी आल्या होत्या. पण रंग मोजता येतो, हे त्याआधी सिद्ध व्हावे लागले होते.

४. रंगाचे मापन

रंग ही संवेदना आहे, मग तिचे मापन कसे करावयाचे? या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर १९३१ मध्ये मिळाले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट यांनी १० व जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर प्रयोग केले. निरीक्षकासमोरील लहानशा वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश असे. दुसऱ्या अर्ध्या भागात तांबडा, हिरवा व निळा प्रकाश कमी-जास्त करून दोन्ही भाग सारखे दिसेपर्यंत त्याने जुळवायचे. या १७ जणांच्या जुळणीच्या सरासरीवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, ‘प्रमाण निरीक्षक’ ठरविला. त्यामुळे कोणताही रंग एक्स, वाय व झेड या तीन संख्यांनी सांगता येऊ लागला. १९७६ मध्ये याच पायावर ‘लॅब’ ही रंगप्रणाली आली. तिच्यात दोन रंगांमधील संख्यात्मक अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या बरेच जवळ आणण्याचा प्रयत्न होता.

या घटनेचे महत्त्व दोन अंगांनी लक्षात घ्यावे लागते. पहिले असे, की रंगाचे मोजमाप प्रथमच कोणत्याही शाईपासून, फिल्मपासून व कारागिरापासून वेगळे झाले. दुसरे असे, की हे मोजमाप निसर्गनियम नसून करार होता. विशिष्ट प्रकाश, विशिष्ट आकाराचे दृष्टिक्षेत्र आणि सरासरी निरीक्षक या अटी मान्य केल्या तरच त्या संख्यांना अर्थ राहतो. म्हणूनच प्रकाशाचेही प्रमाण ठरवावे लागले. मुद्रण पाहण्यासाठी डी५० आणि संगणकाच्या पडद्यासाठी डी६५ हे प्रमाणप्रकाश पुढे रूढ झाले.

५. उपकरणांमधील दुभाषी

डिजिटल चित्रात प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन संख्या असतात. या संख्या रंग नव्हेत, उपकरणाला दिलेल्या आज्ञा आहेत. तीच आज्ञा दोन पडद्यांना दिली तर दोन वेगळे रंग दिसतात. मेट्रिक पद्धती येण्यापूर्वी शेर व पायली ही मापे गावोगाव वेगळी असत. नुसते ‘दोन शेर’ म्हटल्याने धान्य किती, हे कळत नसे, कोणत्या गावचा शेर हेही सांगावे लागे. डिजिटल रंगाची स्थिती १९९०च्या दशकाच्या आरंभी अशीच होती.

१९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅग्फा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन व टॅलिजेंट या आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, अर्थात आयसीसी, ही संस्था स्थापन केली. तिने स्वीकारलेली कल्पना साधी होती. प्रत्येक उपकरणाने आपल्या संख्यांचा सीआयईच्या भाषेतील अर्थ एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावा. हीच प्रोफाइल होय. दहा कॅमेरे व दहा मुद्रक यांची प्रत्यक्ष जुळणी करायची तर शंभर भाषांतरे लागतील. सर्वांनी एकच मध्यस्थ भाषा मानली, तर वीस प्रोफाइलींत काम भागते.

त्यानंतर प्रश्न आला तो चित्र साठविण्याच्या सामाईक मापाचा. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये एसआरजीबी हे रंगमान सुचविले व १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. तत्कालीन काचनळीच्या सामान्य पडद्यावर जे दिसते, त्यावर ते बेतलेले होते. छपाईतील काही हिरवे-निळे रंग मात्र त्याच्या मर्यादेबाहेर राहत. १९९८ मध्ये फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत एक अधिक विस्तृत रंगमान देण्यात आले. दूरचित्रवाणीच्या एका प्रमाणाच्या दस्तऐवजातून घेतलेले त्याचे आकडे प्रत्यक्ष प्रमाणाचे नव्हते. शिवाय तांबड्या रंगाचा आकडा उतरवून घेताना चूक झाली होती. ही बाब लक्षात आली तोवर ते रंगमान छपाईसाठी सोयीचे असल्याचा अनुभव वापरकर्त्यांना आला होता. त्यामुळे आकडे तसेच ठेवून त्याला ‘अ‍ॅडोबी आरजीबी १९९८’ असे नाव देण्यात आले. आकडे चुकीने आले असले, तरी सर्वांनी सारखेच मानले म्हणून ते प्रमाण म्हणून टिकले.

नवशिक्याचा एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करता येतो. विस्तृत रंगमान म्हणजे अधिक चांगले रंग असे नव्हे. अ‍ॅडोबी आरजीबीमधील चित्र प्रोफाइल न जोडता दुसऱ्याकडे पाठविले आणि त्याच्या संगणकाने ते एसआरजीबी समजून दाखविले, तर रंग फिकट दिसतात. चित्र बिघडलेले नसते, त्याच्या मापाचे नाव हरवलेले असते.

६. रॉ फाइल : निर्णयाचे हस्तांतर

डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक मुळात रंगांध असतो. त्याला रंग कळावा म्हणून कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी सुचविलेली व १९७६ मध्ये पेटंट मिळालेली फिल्टरांची जाळी पुढे बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली गेली. तिच्यात निम्मे फिल्टर हिरवे आणि पाव-पाव तांबडे व निळे असतात. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगातील प्रकाशाची नोंद होते. उरलेल्या दोन संख्या शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने काढल्या जातात. रॉ फाइलमध्ये या अनुमानापूर्वीची नोंद असते. प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या काचपट्टीप्रमाणेच ती रंगीत चित्र नसून रंगीत चित्राची शक्यता असते.

कॅमेरा जेपेग फाइल देतो तेव्हा हे सर्व निर्णय त्याच्या आत, निर्मात्याने ठरविलेल्या पद्धतीने होतात. शुभ्र काय मानायचे, त्वचा किती उबदार दाखवायची, हे ठरून जाते व प्रत्येक रंगासाठी केवळ २५६ पायऱ्या उरतात. बारा बिटांच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ व चौदा बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. शुभ्रसंतुलन तेथे केवळ सूचना म्हणून नोंदलेले असते आणि ते नंतर बदलता येते. कॅमेऱ्यातील एसआरजीबी वा अ‍ॅडोबी आरजीबी ही निवडही मूळ रॉ नोंदीवर परिणाम करीत नाही. या दृष्टीने जेपेग हा फिल्मच्या कारखान्याचा वारस ठरतो आणि रॉ फाइल ठसे सुधारणाऱ्या कारागिराच्या मेजाकडे परत नेते.

मात्र ही नोंद वाचण्याची किल्ली कोणाकडे असावी, यावर वाद झाला. प्रत्येक निर्मात्याचे रॉ स्वरूप वेगळे व बहुधा अप्रकाशित होते. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून विकसित केलेल्या डीसीरॉ या मुक्त कार्यक्रमाने अनेक कॅमेऱ्यांच्या फाइली उलगडून दाखविल्या. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे प्रकाशित स्वरूप पुढे आणले. २००५ मध्ये निकॉन डी२एक्स या कॅमेऱ्याच्या फाइलमधील शुभ्रसंतुलनाची माहिती सांकेतिक लिपीत बंद असल्याचे उघड झाले, तेव्हा फोटोशॉपचे एक जनक थॉमस नॉल यांनी जाहीर आक्षेप घेतला. त्याच वर्षी ओपनरॉ या गटाने निर्मात्यांनी आपली स्वरूपे खुली करावीत, अशी मागणी केली. त्या विशिष्ट प्रकरणात पुढे तोड निघाली. परंतु छायाचित्रकाराने टिपलेल्या नोंदीचा अर्थ लावण्याचा हक्क निर्मात्याच्या मर्जीवर असावा काय, हा मूळ प्रश्न अभिलेखागारांसाठी महत्त्वाचाच राहतो.

७. कागदावरील शेवटची पायरी

मुद्रणाचा अधिकारही याच काळात छायाचित्रकाराकडे सरकला. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही संस्था सुरू केली. छापखान्यातील प्रूफ काढण्यासाठी बनविलेला आयरिस मुद्रक तेथे कलात्मक छायाचित्रांच्या छपाईसाठी वापरला गेला. तो मुद्रक २००५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाला देण्यात आला. आयरिसच्या शाया लवकर फिकट होत. हेन्री विल्हेल्म यांच्या १९९३ मधील ग्रंथाने रंगीत चित्रांच्या टिकाऊपणाचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. त्यानंतर पिगमेंटयुक्त शाया प्रचारात आल्या.

कागद पडद्याइतके रंग दाखवू शकत नाही. मर्यादेबाहेरच्या रंगांचे काय करायचे, यासाठी आयसीसीने चार मार्ग दिले. छायाचित्रांसाठी त्यांतील दोन प्रामुख्याने वापरले जातात. ‘परसेप्च्युअल’ मार्ग सर्वच रंग थोडे आकसून त्यांचे परस्परसंबंध राखतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ मार्ग कागदाला शुभ्र मानून मर्यादेतील रंग जसेच्या तसे ठेवतो व बाहेरचे रंग मर्यादेच्या कडेवर आणतो. पोथीच्या पानावरील रंग सामान्यतः सौम्य असतात, त्यामुळे तेथे दुसरा मार्ग अधिक उचित. झेंडूच्या फुलांचा ढीग छापताना पहिल्या मार्गाने पाकळ्यांमधील छटा वाचण्याची शक्यता अधिक. कोणता मार्ग घ्यायचा, हे यंत्र सांगू शकत नाही.

शेवटी प्रकाशाचा प्रश्न उरतो. अनेक कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात. असा कागद खिडकीजवळ एक दिसतो आणि बल्बच्या उजेडात दुसरा. मॅक्सवेल यांच्या प्रयोगात अदृश्य किरणांनी जी करामत केली, तीच येथे मुद्रणाच्या बाजूने पुन्हा घडते.

८. नवशिक्यासाठी क्रम

वरील इतिहासातून कार्यपद्धतीचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. वस्तूच्या छायाचित्रणात आरंभीची एक चौकट रंगचौकटींच्या कार्डासह, त्याच प्रकाशात घ्यावी. शुभ्रसंतुलन कार्डातील करड्या चौकटीवरून ठरवावे, स्मरणावरून नव्हे. पडद्याचे मापन उपकरणाने करून त्याची प्रोफाइल तयार करावी. पडदा फार तेजस्वी ठेवला तर छापील चित्र नेहमी काळपट वाटते. संपादन सोळा बिटांत करावे. मुद्रक, शाई व कागद या तिघांच्या विशिष्ट जोडीची प्रोफाइल निवडून पडद्यावरच संभाव्य मुद्रण पाहून घ्यावे. रंगांचे रूपांतर संपादन कार्यक्रमाने करावयाचे की मुद्रकाच्या चालकाने, यापैकी एकच निवडावे. दोघांनीही केल्यास रंग दोनदा बदलतात आणि ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. मुद्रण वाळू द्यावे आणि ज्या प्रकाशात ते पाहिले जाणार आहे, त्याच प्रकाशात तपासावे. मूळ रॉ फाइल, कार्डाची चौकट व घेतलेले निर्णय यांची नोंद एकत्र जतन करावी.

खर्च मर्यादित असलेल्या विभागात सर्व साधने एकदम येत नाहीत. अशा वेळी रॉ स्वरूप आणि कार्डाची चौकट या दोन गोष्टींना अग्रक्रम द्यावा. पडद्याचे मापन पुढील वर्षी करता येते. न घेतलेली चौकट मात्र, विशेषतः पोथी मालकाकडे परत गेल्यावर, पुन्हा मिळत नाही.

निष्कर्ष

१. छायाचित्रातील रंग नोंदीतून थेट उमटत नाही, तो नोंदीच्या अर्थनिर्णयातून तयार होतो. १८६१ मधील काचपट्टीपासून रॉ फाइलपर्यंत हे तत्त्व कायम आहे.

२. रंगाचा निर्णय कारागिराच्या नजरेकडून कारखान्याच्या रसायनाकडे व तेथून संख्यात्मक कराराकडे गेला. १९३१ मधील प्रमाण निरीक्षक व १९९३ मधील आयसीसी हे या प्रवासाचे दोन महत्त्वाचे टप्पे होत.

३. प्रमाण कोणते मानायचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो. शर्ली कार्डाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

४. रॉ स्वरूपाने छायाचित्रकाराला निर्णयाचे स्वातंत्र्य दिले, त्याचबरोबर निर्णयाची नोंद ठेवण्याची जबाबदारीही दिली.

शिळाछापाच्या कारागिराला आपल्या निर्णयाचा हिशेब कोणाला द्यावा लागत नसे. पोथीची डिजिटल प्रत तयार करणाऱ्याला ही मोकळीक घेता येणार नाही. पानावरील पिवळा डाग काळाने पडलेला आहे, की लेखनिकाने हेतुपुरस्सर फासलेला हरताळ आहे, हे पुढील अभ्यासकाला त्या प्रतीवरूनच ठरवावे लागेल. कदाचित तोपर्यंत मूळ पान उरलेलेही नसेल. रंगचौकटींच्या कार्डासह घेतलेली एक चौकट त्या अभ्यासकाला तो निर्णय स्वतः घेण्याची संधी देते.